ज्येष्ठ नागरिकांच्या संघटना आणि सभासदत्वाचा प्रश्न

ज्येष्ठ नागरिकांच्या संघटना एकाच नावाखाली तीन निरनिराळी कामे करीत असतात : समवयस्कांना सोबत मिळवून देणे, काही सेवा व सवलती पुरवणे, आणि वृद्धांच्या वतीने शासन, न्यायालय, बँक, विमा कंपनी यांच्यापुढे मागण्या मांडून त्या तडीस जाईपर्यंत मागे लागणे. या तिसऱ्या कामाला प्रस्तुत लेखात ‘सामूहिक पाठपुरावा’ असे म्हटले आहे. सभासद व्हावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या दोन कामांवरून दिले जाते, कारण ती डोळ्यांना दिसतात. तिसऱ्या कामाचे फळ मात्र उशिरा येते आणि आले तरी ते सभासदांपुरते राहत नाही. तरीही ज्येष्ठांच्या संघटनेचे खरे मोल या तिसऱ्या कामावरूनच ठरते. ज्या संघटनेत ते होत नाही तिला विरंगुळ्याचे मंडळ म्हणून अवश्य मान द्यावा, पण तिची वर्गणी भरली म्हणजे आपल्या हक्कांची काळजी कोणीतरी वाहत आहे, अशा समजुतीत राहू नये, ही येथील भूमिका आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ पोचले होते. या वयोगटासाठी महाराष्ट्रात ज्या संघटना दिसतात त्या एका जातीच्या नाहीत. गावोगावचे आणि उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघ, त्यांना राज्य पातळीवर एकत्र आणणारा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आणि देश पातळीवरील ‘ऑल इंडिया सीनियर सिटिझन्स कॉन्फेडरेशन’ ही एक साखळी आहे. बँक, टपाल, रेल्वे, राज्य शासन किंवा भविष्य निर्वाह निधी यांच्याशी बांधलेल्या निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना ही दुसरी, आणि ती अधिक जुनी व अधिक लढाऊ आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘हेल्पएज इंडिया’ किंवा मुंबईची ‘डिग्निटी फाउंडेशन’ यांसारख्या संस्था मुख्यतः सेवा देतात. त्यांचा लाभार्थी हा संस्थेचा धनी नसतो. सभासदत्वाचा निर्णय घेताना समोरची संघटना यांपैकी कोणती, हे आधी ओळखावे लागते, कारण तिघींकडून एकाच गोष्टीची अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली असते.

सवलतींचा मुद्दा लवकर निकाली काढता येतो. भारतात ज्येष्ठांना मिळणाऱ्या जवळपास सर्व सवलती वयाच्या पुराव्यावर मिळतात, कोणत्याही संघाच्या ओळखपत्रावर नव्हे. एस.टी.च्या प्रवासभाड्यात ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना निम्मी सूट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील व्यक्तींचा प्रवास पूर्ण मोफत आहे, तो आधार कार्ड दाखवून होतो. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचारसंरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, त्यासाठीही संघाची शिफारस लागत नाही. काही संघ एखाद्या तपासणी केंद्राशी किंवा औषधाच्या दुकानाशी बोलून सभासदांसाठी थोडी सूट ठरवून घेतात आणि ती उपयोगी असते. परंतु वर्षाकाठी काही शे रुपयांची वर्गणी वसूल होते की नाही, एवढ्यावरच निर्णय घ्यायचा तर बहुतेक संघ त्या परीक्षेत काठावर उत्तीर्ण होतील किंवा नापास होतील, आणि त्यावरून संघाविषयी काहीच कळणार नाही.

येथे एक जुना आणि मूलभूत पेच उभा राहतो. संघटनेने झगडून एखादी सवलत किंवा कायदा मिळवला तर तो सर्वांनाच मिळतो, वर्गणी भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्यालाही. मग शहाण्या माणसाने वर्गणी भरावीच का? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ या ग्रंथात हा प्रश्न मांडला आणि असे दाखवले की मोठ्या समूहात प्रत्येक जण दुसऱ्याच्या श्रमाचा फुकट वाटेकरी होण्याकडे झुकतो, म्हणून सार्वजनिक हितासाठी झटणाऱ्या मोठ्या संघटना सभासदांना हाती पडेल असे काहीतरी वेगळे देऊन टिकतात. अशा लाभाला, म्हणजे केवळ सभासदालाच मिळणाऱ्या आणि त्याला वर्गणी भरायला लावणाऱ्या लाभाला, ओल्सन यांच्या मांडणीत निवडक प्रलोभन म्हणतात. ज्येष्ठांच्या संघटनांना हे सूत्र जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील ‘एएआरपी’ ही संघटना होय. निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची संघटना उभारली, तेव्हा त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न हा होता की म्हाताऱ्या शिक्षकांना आरोग्य विमा द्यायला विमा कंपन्या तयार नव्हत्या. वृद्धांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजना १९६५ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधी या संघटनेने गट विमा मिळवला आणि तो शिक्षकांपलीकडच्या वृद्धांनाही मिळावा म्हणून १९५८ मध्ये एएआरपीची स्थापना झाली. आज पन्नाशी गाठलेल्या कोणालाही तिचे सभासद होता येते आणि सभासदसंख्या साडेतीन कोटींच्या पुढे आहे. विमा, प्रवास, हॉटेल यांतील सवलती हे तिचे प्रलोभन आहे, आणि त्या प्रलोभनाच्या जोरावर वॉशिंग्टनमधील एक अत्यंत बलवान दबावगट उभा राहिला, हे तिचे यश निःसंशय मोठे आहे. पण याच रचनेतून तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही निघतो : संघटनेचे नाव वापरू देण्याबद्दल विमा व इतर कंपन्यांकडून मिळणारा मोबदला सभासदांच्या वर्गणीपेक्षा कितीतरी अधिक असतो, तेव्हा विम्याविषयीच्या धोरणावर तिने घेतलेली भूमिका नेमकी कोणाची, अशी शंका टीकाकार वारंवार घेत आले आहेत. १९८८ मध्ये मेडिकेअरचे संरक्षण वाढवणारा एक कायदा तिच्या पाठिंब्याने झाला. त्याचा खर्च ज्येष्ठांनीच, त्यातही सुस्थितीतील ज्येष्ठांनी जास्त, उचलावा अशी तरतूद होती. त्याविरुद्ध ज्येष्ठांमध्येच एवढा संताप उसळला की पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तो कायदा रद्द करावा लागला. कोट्यवधी सभासद असणे आणि त्या सभासदांचे मत माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट झाले तितके इतरत्र झालेले नाही. मुले परदेशी असलेल्या आणि वर्षातील काही महिने तिकडे काढणाऱ्या मराठी ज्येष्ठांना या संघटनेची पत्रके परिचित असतात. तिच्या तराजूने इथल्या संघांना तोलणे मात्र रास्त नाही, कारण इथल्या संघांपाशी विकण्यासारखे काहीच नसते.

महाराष्ट्रातील संघांचे प्रलोभन सवलत हे नसून सोबत हे आहे. सकाळचा व्यायाम, महिन्याच्या सभेत एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान, वाढदिवस, सहल, भजन, कोजागरी, पंचाहत्तरी गाठलेल्यांचा सत्कार असा त्यांचा वर्षाचा क्रम असतो आणि महापालिकेने दिलेले विरंगुळा केंद्र किंवा देवळाचा सभामंडप ही त्यांची जागा असते. याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. जोडीदार गेलेल्या, मुले दूर असलेल्या माणसाला रोज ठरल्या वेळी कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव औषधाइतकीच आवश्यक असते, आणि चार दिवस दिसला नाही म्हणून घरी येऊन चौकशी करणारा गट ज्या वस्तीत आहे तिथे एकाकी मृत्यूची भीती खरोखर कमी होते. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांचा निर्णय सोपा आहे; त्यांनी चार सभांना जाऊन बसावे, मन रमले तर वर्गणी भरावी. तक्रार एवढीच की अनेक संघांची वाटचाल इथेच थांबते आणि ‘ज्येष्ठांचे प्रश्न’ हा विषय वार्षिक अहवालातील एका परिच्छेदापुरता उरतो.

सामूहिक पाठपुराव्याने काय घडू शकते याचा भारतातील सर्वांत ठळक दाखला १७ डिसेंबर १९८२ चा आहे. केंद्र सरकारने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले, परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. त्याआधी निवृत्त झालेले, म्हणजे अधिक म्हातारे, वगळले गेले. डी. एस. नाकारा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ही तारखेची भिंत समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आणि निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे प्रतिपादन केले. या खटल्यातील पहिले दोन अर्जदार स्वतः निवृत्त होते; तिसरा अर्जदार मात्र व्यक्ती नव्हती, तर एच. डी. शौरी यांनी स्थापन केलेली ‘कॉमन कॉज’ ही नोंदणीकृत संस्था होती. वृद्ध, विखुरलेल्या आणि न्यायालयाचा खर्च न झेपणाऱ्या निवृत्तांच्या वतीने अशा संस्थेला दाद मागता येते, हे न्यायालयाने मान्य केले. निवृत्तिवेतनधारक हा दिवस आजही साजरा करतात तो केवळ वाढलेल्या रकमेसाठी नव्हे. एकट्याला न पोचता येणाऱ्या दारापर्यंत संस्था पोचू शकते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ज्यांच्यापाशी संघटना आहे आणि ज्यांच्यापाशी ती नाही, त्यांच्यातील अंतर पुढच्या चार दशकांत किती वाढले, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना महागाईच्या प्रमाणात जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा वाढ मिळते. याउलट दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून बदललेला नाही. महाराष्ट्र शासन स्वतःची भर घालून श्रावणबाळ योजनेतून दरमहा १५०० रुपये देते, पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये ठेवलेली आहे, जी रोजंदारीच्या आजच्या दराशी ताडून पाहिली तर जवळपास कोणालाच लागू पडू नये. या फरकाचे सगळे श्रेय वा दोष संघटनांना देणे बरोबर होणार नाही, कारण सेवाशर्ती आणि दारिद्र्यनिवारण ही वेगळी क्षेत्रे आहेत. तरीही शेतमजूर म्हणून आयुष्य काढलेल्या वृद्धेला कोणताही संघ ‘आपली’ मानत नाही आणि तिच्या २०० रुपयांसाठी कोणताही मोर्चा सातत्याने निघत नाही, ही वस्तुस्थिती ज्येष्ठांच्या चळवळीने स्वतःला विचारण्याजोगी आहे.

या दोहोंच्या मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या, ‘ईपीएस ९५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे निवृत्त आहेत. सूतगिरणी, साखर कारखाना, सहकारी बँक, एस.टी. अशा ठिकाणी आयुष्य घालवलेल्या या लोकांचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये ठरवले गेले. ते ७५०० रुपये व्हावे, त्याला महागाई भत्ता जोडावा, ही मागणी घेऊन त्यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण चालवले. साखळी उपोषण म्हणजे रोज वेगळ्या तुकडीने उपोषणाला बसणे, जे वृद्धांच्या प्रकृतीला झेपते आणि वर्षानुवर्षे चालू ठेवता येते. ती मागणी पुरी झाली नाही म्हणून सभासदांनी दिलेले पैसे वाया गेले का? नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष वेतनावर आधारित वाढीव निवृत्तिवेतनासाठी संयुक्त पर्याय देण्याची संधी दिली, तेव्हा ती कोणाला लागू, अर्ज कुठे, जुन्या मालकाची संमती कशी जोडायची आणि फरकाची रक्कम भरणे परवडते की नाही, हे समजून घेण्यासाठी जुलै २०२३ पर्यंत वाढवत नेलेली मुदत अनेकांना अपुरी पडली. जे कोणत्याही संघटनेत नव्हते त्यांना बातमी कळेपर्यंत निम्मा वेळ सरलेला असणे अगदी शक्य होते. लांबणीवर पडलेल्या मागणीच्या काळातही संघटना अशी जी माहिती वेळेवर आणि आपल्या भाषेत पोचवते, तिचे मूल्य पैशात सहज काढता येत नाही.

स्थानिक संघाच्या बाबतीत मात्र एक विशेष अधिकार असा आहे की जो बहुतेक सभासदांना आणि आश्चर्य म्हणजे अनेक पदाधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्याने उपविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांना लोक प्रांत म्हणतात, त्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण नेमले असून मुले सांभाळत नसतील तर दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च देवविण्याचा अधिकार त्याला आहे. या कायद्याच्या कलम ५ नुसार अर्ज ज्येष्ठाने स्वतः करावा, आणि तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. संस्था म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किंवा दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी संघटना. कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणापुढे कोणत्याही पक्षाला वकील देता येत नाही. सुनावणीपूर्वी प्रकरण समेटासाठी पाठवायचे झाल्यास समेट अधिकारी म्हणून अशाच नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी नेमता येतो आणि त्याने महिन्याभरात आपला निष्कर्ष द्यावयाचा असतो.

या तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक संघाचे स्थान किती वेगळे आहे ते लक्षात येते. ऐंशी वर्षांच्या, ऐकू कमी येणाऱ्या आईला प्रांत कार्यालयाच्या बाकावर मुलासमोर बसून ‘हा मला जेवायला घालत नाही’ असे म्हणायचे असते; वकील सोबत नसतो, शेजारी भांडणात पडत नाहीत, भाऊबंद दोन्हीकडून बोलतात. अशा वेळी तिचा अर्ज नीट लिहून देणारा, जोडपत्रे लावणारा, पोचपावती घेऊन तारीख वहीत टिपणारा आणि तारखेला तिच्या शेजारी बसणारा एक माणूस संघाने दिला तर कायद्यातील अक्षरे तिच्यापुरती जिवंत होतात. हेच घराच्या बाबतीत. मुलाच्या नावे केलेले बक्षीसपत्र कलम २३ खाली रद्द करता येते, पण त्यासाठी ‘सांभाळ करीन’ ही अट हस्तांतरणामागे होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या अटीवर बोट ठेवले आणि जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालात कायद्याचा हेतू लक्षात घेऊन तरतूद उदारपणे वाचावी असे म्हटले. दस्त नोंदवण्याआधी तो एक वाक्याचा मजकूर घालून घ्या, असे सांगणारी एक बैठक ज्या संघाने घेतली त्याने कदाचित पुढच्या दहा वर्षांतले दहा खटले टाळलेले असतात. शिवाय ज्येष्ठ स्वतः असमर्थ असेल तर याच कलमाखालची कारवाईही संस्था त्याच्या वतीने करू शकते.

म्हणून एखाद्या संघाची पारख करताना कार्यक्रमपत्रिकेपेक्षा त्याची जावक नोंदवही पाहणे अधिक उपयुक्त ठरते. वर्षभरात कोणाकोणाला पत्रे गेली, पादचारी पुलाच्या सरकत्या जिन्यासाठी महापालिकेला लिहिले का, हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून नोव्हेंबरात बँकेतून परत पाठवलेल्यांचे पुढे काय झाले, रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवलेली पुरुषांची ४० आणि स्त्रियांची ५० टक्के सवलत परत मिळावी म्हणून खासदारांना दिलेल्या निवेदनाला उत्तर आले का, आणि उत्तर आले नाही तर स्मरणपत्र गेले का, हे त्या वहीवरून अर्ध्या तासात कळते. निवेदन देताना काढलेले छायाचित्र अनेक संघांपाशी असते. स्मरणपत्र थोड्यांपाशी असते. त्याबरोबर संघाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हिशेबांची दरवर्षी तपासणी होते का, कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यावा लागणारा बदलाचा अहवाल, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, तो वेळेवर गेला आहे का, हेही विचारावे. हा अहवाल वर्षानुवर्षे न गेल्यामुळे पदाधिकारी कोण याविषयीच वाद असलेल्या संघाने न्यायाधिकरणापुढे प्रतिनिधित्वाचा दावा केला तर समोरचा पक्ष पहिला आक्षेप तोच घेईल. एकच अध्यक्ष वर्षानुवर्षे असणे हा आपोआप दोष ठरत नाही, परंतु सर्वसाधारण सभेत हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्याला ‘या वयात कशाला वाद’ म्हणून गप्प बसवले जात असेल तर तो नक्कीच दोष आहे.

एका बाबतीत अधिक सावध राहावे लागते. संघाच्या सभेत ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ या विषयावर मोफत व्याख्यान आणि वर अल्पोपाहार असेल, तर व्याख्याता कोणाकडून आला आहे आणि सभेनंतर सभासदांचे फोन क्रमांक कोणाकडे जातात, हे पाहणे आवश्यक आहे. ज्येष्ठांच्या आयुष्यभराच्या ठेवी हे या काळातील मोठे आमिष आहे, आणि संघाच्या व्यासपीठावरून बोललेल्या माणसावर सभासद परक्यापेक्षा लवकर विश्वास ठेवतात. एएआरपीच्या बाबतीत जो हितसंबंधांचा प्रश्न कोट्यवधी डॉलरांच्या पातळीवर उभा राहिला, तो इथे चहा-बिस्किटांच्या पातळीवर उभा राहतो, इतकाच फरक.

यशाचे श्रेय मोजणे अवघड आहे हेही मान्य करावे लागते. आरोग्य विमा घेण्यासाठीची कमाल वयाची अडवणूक विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून दूर केली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची तर आधी नियामकाशी सल्लामसलत करण्याचे बंधन घातले, आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. यांतील कोणता निर्णय कोणाच्या निवेदनामुळे झाला हे सांगता येत नाही, म्हणून ‘आम्ही मिळवून दिले’ असा दावा करणाऱ्या पत्रकाकडे जपून पाहावे. उलट, निर्वाह खर्चावरची दहा हजारांची मर्यादा काढून टाकणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेची मुदत संपल्याने २०२४ मध्ये व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले; साडेचार वर्षे ते पडून असताना देशभरातील संघांनी काय केले, हा प्रश्न यशाच्या कोणत्याही यादीपेक्षा जास्त सांगून जातो.

निवृत्तिवेतन असणाऱ्याने आपल्या सेवेशी निगडित संघटनेचे सभासदत्व सोडू नये, कारण तिथे मागणी नेमकी असते, प्रतिपक्ष ठरलेला असतो आणि केंद्र सरकारशी बोलण्यासाठी निवृत्तांच्या संघटनांना स्थायी समितीसारखी अधिकृत जागाही मिळालेली आहे. स्थानिक संघाचा निर्णय त्याच्या कामावर अवलंबून ठेवावा, आणि शक्यतो आजीव सभासदत्वाआधी एक-दोन वर्षे वार्षिक वर्गणी भरून पाहावी. ज्या स्त्रियांना सभेत सतरंजी आणि अल्पोपाहाराच्या व्यवस्थेपलीकडे जागा दिसत नाही त्यांनी कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत हे विचारूनच पुढे जावे, कारण वैधव्य आणि नावावर घर नसणे या म्हातारपणातील सर्वांत बिकट अडचणी त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. गावात संघच नसेल तर १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ हेल्पलाइन पहिली मदत म्हणून आहे.

कलम ५ मध्ये असमर्थ ज्येष्ठाने अधिकार द्यायची ती संस्था ‘नोंदणीकृत’ असावी असे म्हटले आहे. अर्जदार त्या संस्थेचा सभासद असला पाहिजे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, कधीही वर्गणी न भरलेल्या म्हातारीचा अर्जही संघाला चालवता येतो. सभासदत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी संघाच्या सचिवाला गेल्या वर्षात असे किती बिनसभासदांचे अर्ज संघाने हाती घेतले, एवढे विचारावे, आणि उत्तर शून्य असेल तर पहिला अर्ज लिहायला आपण तयार आहोत असे सांगून वर्गणी भरावी.